पाइप बदलायला आलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या पोटाखाली मी उताणा पडलो होतो आणि नाकात हळदीचा वास येत होता.

मेकॅनिकच्या नाकाला डिझेल, ग्रीस, जळकं रबर हे वास ओळखीचे. हळद आपल्या लाइनमधली नाही. मला वाटलं, आईनं भाजीला फोडणी दिली असेल, कारण आमचं घर गॅरेजच्या मागेच. रेडिएटरच्या तळाला पाणी सोडायची एक छोटी पितळी तोटी असते. ती मी उघडली होती, पण थेंब येत नव्हता. गाळानं चोंदली असणार म्हणून मी तिच्यात तार घातली. फिरवली. मग जरा जोरात फिरवली.

त्यानंतर जे आलं त्याला पाणी म्हणता येणार नाही. पिवळीधम्मक, कोमट, कढीसारखी दाट धार सरळ माझ्या तोंडावर. नाकात, कानात, शर्टाच्या आत. मी धडपडत बाहेर आलो, तर समोर हिराआक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय मिस्तरी, लगीन कवाचं धरलंय?" त्या म्हणाल्या. "हळद तर चांगली चढली."

त्यांच्या शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान, दगूअण्णा, हसले नाहीत. त्यांनी फक्त खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. एका ट्रॅक्टर डीलरच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काढून मी नाशिकच्या दिंडोरी रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. कंपनीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं आणि गिऱ्हाइकाला मी मुद्दाम त्याच्या खालच्या स्टुलावर बसवायचो. खाली बसलेल्याला ते दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. एवढ्यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा.

आक्का आणि अण्णा म्हसरूळच्या पुढचे. फुलशेती करायचे. अण्णा दिवसाला दहा शब्द बोलायचे, त्यांच्या वाटणीचे उरलेले आक्का बोलायच्या. त्यांचा ट्रॅक्टर साठच्या दशकातला, बोटीतून आलेला. तो बनवणारी विलायती कंपनी कधीच बंद पडली होती. रंग एके काळी लाल असावा. गावात त्याला 'म्हातारा' म्हणत, आणि म्हाताऱ्याला अण्णांशिवाय कोणी चालवलेलं मी पाहिलं नव्हतं.

आल्या आल्या आक्कांनी काम सांगितलं होतं. अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, हे आज कबूल करतो.

"वरचा पाइप चिरलाय. तेवढा बदल. नवमीला सकाळी झेंडू तोडायचा आन् दुपारच्या आत पंचवटीत टेकवायचा. दसऱ्याचा झेंडू दसरा झाल्यावर गुरंबी हुंगत नाय. आख्खा दीड एकर त्या एका दिवसासाठी लावलाय."

"दुसरी गाडी बघून ठेवली का? आपलं, असावी म्हणून."

"नवमीला? त्या दिवशी हातगाडी मिळत नाय, तू गाडीचं काय बोलू राहिला!"

दसऱ्याला अजून तीन दिवस होते. पाइपचं काम अर्ध्या तासाचं. इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणारा हा जाड रबरी पाइप. दोन क्लिपा सोडायच्या, जुना काढायचा, नवा घालायचा. नवा पाइप मी खिळ्यावरून काढून पान्यांच्या शेजारी फळीवर ठेवलाही होता. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पिवळा चिखल.

"हे काय आहे, अण्णा?"

"हळद."

"रेडिएटरमध्ये?"

"थेंब गळायला लागला की टाकतो मूठभर. थांबतो."

त्यांचे दिवसभराचे जवळजवळ सगळे शब्द इथेच संपले. उरलेलं आक्कांनी सांगितलं. हा उपाय वीस-बावीस वर्षं चालू होता. घरची हळद, घरी कुटलेली.

मी हसलो. मग लेक्चर दिलं. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून फिरतं, मागचा पंखा वारा ओढतो, पाणी गार होऊन परत इंजिनात जातं. त्या नळ्यांमध्ये हळद भरली तर पाणी फिरणार कुठून? "ही काय आमटी आहे का, आक्का?" असंही विचारलं. ते लेक्चर शंभर टक्के बरोबर होतं. मी आजही ते देतो, फक्त आता आवाज खाली ठेवतो.

"रेडिएटर खाली घेऊ," मी म्हणालो. "साफ करून बसवू. दोन तासांचं काम."

"पाइप बदल, मिस्तरी."

"आक्का, मी ट्रेनिंग घेतलंय."

"ते दिसू राहिलं," आक्का म्हणाल्या. त्या स्टुलावर बसलेल्या नव्हत्या, उभ्या होत्या. म्हणजे सर्टिफिकेट त्यांना खरंच दिसत होतं.

तर ती तोटी, ती धार आणि तो पंचा. त्यानंतर दोन तासांचं काम सुरू झालं.

नव्या ट्रॅक्टरचा रेडिएटर चार बोल्ट सोडले की हातात येतो. म्हाताऱ्याचं तसं नव्हतं. त्या काळच्या लोकांनी रेडिएटरला घरातल्या थोरल्या भावासारखं वागवलं होतं, म्हणजे सगळ्यांचा भार त्याच्यावर. बॉनेट त्याच्यावर टेकलेलं, दिवे त्याला अडकवलेले, पुढची जाळी त्याला जखडलेली. वरून एक लोखंडी दांडी इंजिनापर्यंत गेलेली, ती का आहे ते मला सोडल्यावर कळलं. सोडताच रेडिएटर पुढे झुकला आणि मी त्याला मिठी मारून पाच मिनिटं उभा राहिलो. अण्णांनी मागून दोर बांधला तेव्हा सुटका झाली.

खालचे दोन बोल्ट पुढच्या आसाच्या ब्रॅकेटमध्ये, तीस-पस्तीस वर्षांचा चिखल खाऊन बसलेले. मी चौदा नंबरचा पाना लावला, तो ढिला. तेरा लावला, तो चढेना. चौदाच जोर लावून फिरवला तर बोल्टचे कोपरे सोलायला लागले. मी बोल्टला शिव्या दिल्या, त्या घडवणाऱ्या साहेबाला दिल्या. अण्णा शांतपणे सीटखालच्या पेटीतून एक काळाकुट्ट पाना घेऊन आले आणि बोल्टवर ठेवला. टपकन बसला.

विलायती ट्रॅक्टर. त्याचे बोल्ट इंचातले. माझे पाने मिलिमीटरचे.

"हे आधी का नाही सांगितलं, अण्णा?"

"तू ट्रेनिंग घेतलंय ना," उत्तर आक्कांनी दिलं.

दोन तासांचं काम संध्याकाळी सहाला संपलं. रेडिएटर खाली आला. म्हातारा पुढून बोळका दिसत होता. अण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ते मान खाली घालून बस पकडायला निघाले. ट्रॅक्टर सोडून बसनं घरी जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, रिक्षात रेडिएटर मांडीवर घेऊन मी जुन्या नाशकात रज्जाकचाचांकडे गेलो. चाचा रेडिएटरचे कारागीर. नळी कुठे फुटली आहे ते कानानं ओळखायचे. त्यांनी रेडिएटर जमिनीवर ठेवला, बोटानं आतल्या नळ्यांची जाळी खरवडली आणि बोट नाकाला लावलं.

"किसका है? दगूअण्णाचा?"

"हो. चाचा, कॉस्टिकमध्ये उकळा. एकदम साफ पाहिजे."

कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा. त्याच्या उकळत्या पाण्यात रेडिएटर बुडवला की आतली सगळी घाण सुटून येते.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "परकाश उस्ताद, ही घाण नाय. हा टाका हाय. याच्यावरच उभा हाय बिचारा. उकळू नको."

"चाचा, सायन्स म्हणून काही असतं."

"असतं ना बाबा. मी कुठं नाय म्हणतो?" असं म्हणून त्यांनी भट्टी पेटवली. गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची एक वेळ असते आणि ती वेळ नंतर येते, हे त्यांना ठाऊक होतं.

रेडिएटर बाहेर आला तेव्हा सोन्यासारखा चमकत होता. मी म्हणालो, "बघा!" चाचांनी त्याची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. नळी फुटली असेल तिथून बुडबुडे येतात, म्हणजे डाग कुठे द्यायचा ते कळतं. डाग म्हणजे सोल्डरिंग.

बुडबुडे मोजायला मी वाकलो. मोजण्यासारखं काही नव्हतं. हौद सोडा वॉटरसारखा फसफसत होता.

"डाग द्या ना," माझा आवाज बदलला होता.

"डाग पत्र्याला देतात. पत्रा कुठं हाय? हल्दीच होती." चाचांनी बिडी काढली. "नवी जाळी लागेल. मुंबईहून मागवावी लागेल. दसऱ्याच्या नंतर."

"उद्या नवमी आहे, चाचा. त्यांची फुलं..."

तेव्हा मात्र चाचांनी चेष्टा थांबवली. फुलांचं गणित आमच्याकडे सगळ्यांनाच कळतं. "फार फुटलेल्या नळ्या दोन्हीकडून बंद करतो. बाकीच्यांना जमेल तसा डाग. सकाळी ये." मी निघालो तशी त्यांनी मागून हाक मारली. "थोडं तरी गळणार. त्याचा इलाज अण्णाला माहीत हाय."

गॅरेजवर परत येऊन मी स्कूटर काढली आणि सरळ आक्कांच्या मळ्यावर गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. मळ्यात पाऊल टाकलं आणि माझं तोंडच बंद झालं. दीड एकर केशरी. एकही कळी मिटलेली नाही. आक्का बांधावर बसून उद्या तोडायला येणाऱ्या बायकांची नावं बोटांवर घेत होत्या.

"झाला का?"

"उद्या सकाळी तयार."

"काल म्हणला, आज सकाळी तयार."

"उद्या पक्का."

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मिस्तरी, फुलं थांबत नाय. ती उमलली की उमलली." एवढंच बोलल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

नवमीला सकाळी रेडिएटर घेऊन गॅरेजवर आलो तर फळी रिकामी. पाने नाहीत, हातोडी नाही, पकड नाही, पाणी ओतायचं नरसाळंसुद्धा नाही. क्षणभर वाटलं चोरी झाली. मग आठवलं. खंडेनवमी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. ज्याचं जे हत्यार, म्हणजे सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, माझे पाने. धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. हा नियम माझ्या आईच्या हाताखाली तर फारच कडक होता.

मी घरात धावलो. पाटावर सगळा संसार मांडून आई उदबत्ती ओवाळत होती.

"आई, पाने दे. अर्धा तास फक्त."

"आज नाही."

"आई, लोकांची फुलं अडकलीत!"

"वर्षभर त्यांना बडवतोस. आज त्यांची सुट्टी आहे."

"देवाला कळतं गं अडचण असते ते."

"देवाला कळतं. परवा कुठे होतास ते पण कळतं."

एवढ्यात आक्का आणि अण्णा दारात. आक्कांच्या ओच्यात आमच्या पूजेसाठी आणलेली फुलं होती. दरवर्षी आणायच्या. मी त्यांना साक्षीला ओढलं. "आक्का, तुम्ही सांगा आईला!"

"मी काय सांगू? बरोबर बोलू राहिल्या त्या. पूजलेलं हत्यार उचलायचं नसतं." आणि त्या निवांत आईजवळ बसून पाटावर फुलं मांडायला लागल्या.

मी हात जोडले. आवाज चढवला. रडकुंडीला आलो. पंधरा मिनिटं हा तमाशा चालला. शेवटी अण्णांनी घसा साफ केला.

"पण तुझे पाने बसत कुठं होते?"

मग आई हसायला लागली, तिच्या पाठोपाठ आक्का.

म्हाताऱ्याच्या सीटखालच्या पेटीत इंची पाने होते. त्यांची पूजा अण्णांच्या घरी व्हायची होती, अजून झाली नव्हती. म्हणजे त्यांना हात लावायला कोणाचीच ना नव्हती. मी तसाच म्हाताऱ्याकडे पळालो.

बसवण्याचं काम अण्णांनी केलं, असंच म्हणावं लागेल. मी पाना फिरवत होतो, पण कुठला बोल्ट आधी आणि कुठला नंतर ते ते नुसतं बोट दाखवून सांगत होते. दांडी आधी, मग खालचे बोल्ट, मग पाइप, मग बॉनेट. दीड तासात म्हाताऱ्याला चेहरा आला. मी कळशीनं पाणी भरलं आणि तिघंही खाली वाकून बसलो.

टप. थोडा वेळ काहीच नाही. टप. मग दुसरीकडून टप, तिसरीकडून टप टप.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरचं सर्टिफिकेट तेवढं वर बघत होतं.

मी उठलो, घरात गेलो आणि आईला म्हणालो, "आई, हळद आहे का?"

"पूजेच्या ताटात आहे तेवढीच. सणाचं सामान आज आणायचंय. कशाला?"

"रेडिएटरला."

"देवाची हळद यंत्रात ओतणार?"

दारातून आक्का बोलल्या, "अहो ताई, खंडेनवमीला हत्याराला हळद लावत्यात ना? मग रेडिएटर काय हत्यार नाय? सगळे बाहेरून लावत्यात, ह्यो आतून लावंल."

आईनं विचार केला आणि ताट उचललं. "मी येते. पूजा म्हणूनच टाक. हात धुऊन."

अशा रीतीनं, कंपनीचं ट्रेनिंग घेतलेल्या मी, हात धुऊन, डोक्यावर रुमाल टाकून, आईच्या देखरेखीखाली रेडिएटरमध्ये हळद वाहिली. एक मूठ झाल्यावर थांबलो.

"दोन," अण्णा म्हणाले.

दुसरी मूठ टाकली. आईनं झाकणाला कुंकू लावलं. इंजिन सुरू केलं. पाणी तापेपर्यंत सगळे खाली नजर लावून बसलो. टप टप टप. मग टप... टप. मग नाही.

माझ्यावर हसण्यात वेळ घालवायचा नव्हता, म्हणून आक्कांनी तो कार्यक्रम प्रवासात उरकला. मळ्यावर ट्रॉली भरून तयारच होती. झेंडूच्या ढिगावर आक्का बसल्या, मडगार्डवर मी, मांडीवर पाण्याचा कॅन. नळ्या बंद केल्यामुळे म्हातारा लवकर तापणार हे मला ठाऊक होतं. त्याला तापमानाचा काटा नव्हता. अण्णा अधूनमधून बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि मानेनं खूण करायचे. मग आम्ही थांबायचो, मी पाणी ओतायचो. गावात शिरेपर्यंत तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी मागून हॉर्न, शिव्या आणि ढिगावरून आक्कांचा आवाज, "जरा दमानं घ्या रे! आमच्या मिस्तरीनं नवीन ट्रॅक्टर बनवलाय, टेस्टिंग चालूय!"

दुपारी बारा वाजायच्या आत आम्ही पंचवटीत होतो. रस्त्याच्या कडेला फुलांचे ढीग, सायकली, रिक्षा, पिशव्या घेतलेली माणसं. ट्रॉली थांबली तशी गिऱ्हाइकं चिकटली. आक्कांनी पहिली पाटी खाली दिली आणि अण्णांनी इंजिन बंद केलं.

मी पुढे गेलो. जिंकल्यासारखा बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि कपाळाचा घाम पुसला.

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, फिरणारं पाणी थांबतं, आणि आतली उष्णता थोडा वेळ वाढतच जाते. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. माझ्या कानाशी 'फट्ट' झालं आणि तीच ओळखीची पिवळी कढी, या वेळी चांगली गरम, खांद्यापासून पायापर्यंत. मी भर बाजारात नाचलो. भाजलं फारसं नाही, पण नाच मनापासून होता.

वरचा पाइप फाटला होता. जुना, चिरलेला, ज्याच्यासाठी ते दोन दिवसांपूर्वी आले होते. घाईत तोच मी परत बसवला होता.

आक्का ढिगावरून वाकून बघत होत्या. त्या मोठ्यानं हसतील असं वाटलं. नाही हसल्या. हातातली फुलं तोलत शांतपणे म्हणाल्या, "ह्योच बदलायला आलतो, मिस्तरी."

चार वाजेपर्यंत ट्रॉलीत देठ आणि पाकळ्या उरल्या. मला त्यांनी ओंजळभर झेंडू दिला. "तुझ्या सर्टिफिकेटला हार कर," म्हणाल्या. मी नवा पाइप आणायला रिक्षानं गॅरेजवर आलो. फळीवर पाइप नव्हता. खिळ्यावर नव्हता. शेवटी घरात गेलो, तर तो पाटावर होता. पान्यांच्या शेजारी, हळदकुंकू लावलेला, बोगद्यासारख्या तोंडात एक टपोरं झेंडूचं फूल खोचलेला. फळीवर जे जे होतं ते ते आईनं पूजेला घेतलं होतं.

"आई, हा तरी देशील का?"

"उद्या," आई म्हणाली.

म्हातारा ती रात्र पंचवटीतच राहिला. दसऱ्याच्या सकाळी पूजा मोडल्यावर मी पाइप घेऊन गेलो, दोन क्लिपा सोडल्या, जुना काढला, नवा घातला. अर्ध्या तासाचं काम होतं. अर्धा तासच लागला.

दिवाळीनंतर मुंबईहून जाळी आली, मी बसवून दिली, हळद लागेनाशी झाली. तरी माझ्या टूलबॉक्समध्ये मी गॅरेज बंद करेपर्यंत एक हळदीची पुडी ठेवत होतो. ती तीनदा उपयोगी पडली. सर्टिफिकेट एकदाही नाही.

बाकी शिकलो ते थोडंच. पाइप बदलायला आलेल्या माणसाचा पाइप बदलावा.